दोन अधिक दोनचा अर्ज

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे संगणकबाई म्हणत. कागदोपत्री तिचं पद चांगलं लांबलचक होतं, पण ते उच्चारायला वेळ कोणाला? तिची खोली भांडाराच्या मागे. एका भिंतीला दोन संगणक, दुसरीला पाइपांचे नमुने. लोकांच्या तक्रारी ज्या प्रोग्राममध्ये नोंदवल्या जात, तो अकरा वर्षं ती एकटी सांभाळत होती. तो बंद पडला की सगळे तिच्या नावाने शंख करत. चालू असला की ती कचेरीत आहे हेही कोणाला आठवत नसे.

एकदा वरून आदेश आला. आठ दिवस झाले की तक्रारीवर ‘सोडवली’ असा शेरा आपोआप पडला पाहिजे, नळाला पाणी येवो न येवो. तिने मुकाट्याने तसं करून दिलं. पण चिडचिड कुठेतरी निघायला हवी होती. डबा संपवून उरलेल्या जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा रचायला घेतली. संगणकाला कामं सांगायच्या इतर भाषा झटपट काम उरकतात. तिची भाषा कचेरीसारखी वागायची. नाव ठेवलं ‘बघू’.

‘बघू’मध्ये काहीही हवं असलं तरी आधी ‘विनंती की’ लिहावं लागे. एकच काम पुन्हा पुन्हा करवायचं तर आज्ञा होती ‘उद्या या’. प्रोग्राम थांबवायचा तर ‘साहेब जेवायला गेलेत’. दोन अधिक दोन विचारलं की पहिल्यांदा उत्तर येई, ‘संबंधित खिडकीवर चौकशी करा.’ दुसऱ्यांदा, ‘दुसरा दोन साक्षांकित नाही.’ तिसऱ्यांदा मात्र, ‘चार. हे उत्तर तात्पुरतं आहे.’

आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. या बाई तीनदा संगणकाच्या प्रशिक्षणाला जाऊन कोऱ्या करकरीत परतल्या होत्या. आता स्वतःहून म्हणाल्या, “मला शिकव ना गं हे.” आणि चार दुपारींत त्यांनी गुणाकाराचे अर्ज फेटाळणारा प्रोग्राम लिहिलासुद्धा.

घरी तिचे सासरे होते, त्याच कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सून-सासऱ्यांचं बोलणं “चहा ठेवलाय” आणि “हं” यापलीकडे कधी गेलं नव्हतं. एका रविवारी नवऱ्याने हसत हसत ‘बघू’चे नियम छापून वडिलांच्या हातात दिले. सासऱ्यांनी ते दोनदा वाचले.

“सूनबाई, हे चूक आहे.”

“बाबा, गंमत केली हो नुसती. तुमच्या नोकरीची थट्टा करायची नव्हती…”

“थट्टा कर की! पण आवक क्रमांक कुठाय? क्रमांक पडल्याशिवाय सही होतेच कशी? आणि शिपाई? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते ती काय पंख फुटून?”

तिला हसू आवरेना. त्या दिवसापासून सासरे रोज एक नवा नियम रेघी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवू लागले, आणि ती तो ‘बघू’त घालू लागली.

अशा गोष्टी लपत नाहीत. मोठ्या साहेबांनी बोलावलं.

“याचा उपयोग काय?”

“काही नाही, साहेब.”

“मग केलं कशाला?”

“मजा आली.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मजेसाठी कचेरीत रकाना नव्हता. त्यांनी तिला उपयुक्ततेचं प्रपत्र भरायला दिलं. तिने ‘निरंक’ लिहिलं. उपयोग निरंक असू शकत नाही, असा शेरा मारून ते परत आलं. शेवटी सासऱ्यांनी मजकूर सांगितला, ‘सदर भाषेचा उपयोग विचाराधीन आहे.’ प्रपत्र त्याच दिवशी मंजूर झालं.

विचाराधीन म्हटल्यावर समिती आलीच. सात जणांनी पाच महिने बसून ‘बघू’ उपयुक्त केली. अर्ज काढला, थांबणं काढलं, ‘तात्पुरतं’ काढलं. आता दोन अधिक दोन विचारलं की ताबडतोब चार. समारंभात टाळ्या पडल्या, साहेबांना अभिनंदनाचं पत्र आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती भाषा कोणी उघडली नाही. “चार तर माझ्या नातवालाही येतात,” आवक-जावकच्या बाई म्हणाल्या.

अहवालात संगणकबाईचं नाव कुठेच नव्हतं. तिला ते लागलं. घरी तिने सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “सुटलीस. नाव असतं तर देखभालही गळ्यात पडली असती.”

मूळ ‘बघू’ तिच्या घरच्या संगणकावर शाबूत आहे. सासऱ्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका बोटाने टंकायला शिकून त्यात पहिला प्रोग्राम लिहिला, चांगला अडुसष्ट ओळींचा. तो काहीही करत नाही, पण अगदी नियमाप्रमाणे. तिने त्यात दोन चुका काढल्या. त्यांना एकच मान्य आहे. संध्याकाळी दोघं त्यावर भांडत बसतात, आणि नवऱ्याला स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं लागतं.