दाजींची घरगाडी

चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला माझं पाट्यांचं गॅरेज आहे. ट्रक-टेंपोच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून स्प्रिंग केलेली असते, ते पाटे. तीस वर्षं मी तेच बदलतो आहे. गाडी आत वळतानाच ती कुठल्या अंगाला दबते ते मला दिसतं. मालकाला ते दिसत नाही, हेही लगेच दिसतं. त्यामुळे माणसांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही.

त्यातही माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, यांच्याबद्दल ते कधीच चांगलं नव्हतं. दहिवलीला त्यांचं घर. थोडी भातशेती, एका कारखान्यात नोकरी. ती सोडली आणि मोटरहोम बनवायचं डोक्यात घेतलं. कर्जतला हवा खायला येणारी माणसं ती भाड्याने नेतील म्हणे. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले की दाजी त्या विषयातले जाणकार होतात. एक जुना टेंपो घेतला, त्यावर बॉडीवाल्याकडून पत्र्याची खोली चढवली आणि आत संसार मांडला. गावाने तिचं नाव घरगाडी ठेवलं. पहिली मोठी फेरी घरच्यांचीच ठरली : दाजी, बहीण आणि दाजींची आई, घाट चढून कोल्हापूरला. बहिणीने मागे ओट्याशी उभं राहून चालत्या गाडीत चहा करायचा, हेही ठरलं. दाजींना ते व्हिडिओत फार आवडलं होतं.

पूजेला मला बोलावलं. दाजींच्या बायकोचा भाऊ म्हणून नारळ माझ्या हातून फोडायचा होता. गाडी पाहिली आणि मला आतून हसूच फुटलं. छपरावर पाचशे लिटरची काळी टाकी! आमच्याकडे गच्चीवर टाकी नसलेलं घर नाही, तेव्हा घरगाडीलाही टाकी वरच हवी. नळाला प्रेशर नको का, असं दाजींनीच मला समजावलं. आत डाव्या अंगाला कडप्प्याचा ओटा, खाली भरलेला सिलिंडर, शेजारी फ्रीज, त्याला लागून लोखंडी कपाट. उजव्या अंगाला नुसती मोठी खिडकी, कारण निसर्ग दिसला पाहिजे. गाडी उभी असतानाच डाव्या बाजूने दोन बोटं बसली होती. डोक्यावर हंडा घेतलेली बाईसुद्धा वळताना जपून वळते. दाजी अर्धा टन पाणी डोक्यावर घेऊन ऐंशीच्या स्पीडने वळणार होते.

मी बोललो नाही. दाजींना त्यांच्या दारात चूक दाखवायची आमच्यात रीत नाही. बहीण दिलेल्या घरी भावाने पानात पडेल ते खायचं, छान झालंय म्हणायचं आणि निघायचं. एरवी ही रीत मला जाचते. त्या दिवशी मात्र फार सोयीची वाटली. मी नारळ फोडला, चाकावर पाणी घातलं, छान झालंय म्हणालो आणि जिलेबी खाऊन घरी आलो.

आठवड्याभरात दाजी गॅरेजवर हजर. गाडी डुलते म्हणाले. पण सल्ला विचारायला आलेच नव्हते, निदान करूनच आले होते. मागे दोन-दोन पाटे वाढवा, एवढंच काम सांगितलं. पाटे वाढवून गाडी नुसती कडक होते, वरचं वजन वरच राहतं, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. मी तरी विचारलं, टाकी रिकामी ठेवता की भरलेली? दाजी हसून म्हणाले, "तुमी पाट्याचं बघा, पान्याचं आमी बघतो."

मग मी पाट्याचंच बघितलं. सांगितले तेवढे वाढवले, नटबोल्ट आवळले, तुमची गाडी तुम्हाला लखलाभ म्हटलं. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती. आता हा गृहस्थ घाटात कसा डुलतो ते बघू, असं चहा पिताना मी कामगारांना बोलूनही दाखवलं. तेही हसले.

घाटापर्यंत जायची वेळच आली नाही. कोल्हापूरला निघाले आणि कर्जतहून चौककडे येतानाच एका वळणावर समोरून बस आली, दाजींनी स्टिअरिंग डावीकडे घेऊन झटक्यात परत उजवीकडे फिरवलं आणि घरगाडी उजवीकडची चाकं उचलून डावीकडे कलली. पडली नाही, कशीबशी परत चाकांवर आली. दाजींची आई पुढे सीटवर होती, तिला काही झालं नाही; बहीण मागे चहासाठी ओट्याशी उभी होती. कपाटाची दारं उघडली, डबे अंगावर आले आणि ती कडप्प्याच्या कडेवर आदळली. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर दाजींनी आधी बसवाल्याला दोष दिला, मग रस्त्याला, मग नव्या पाट्यांना, म्हणजे मला. शेवटी कुणाचा तरी फोन आला आणि वास्तुशास्त्राप्रमाणे ओट्याची दिशा चुकली असं ठरलं. आत बहिणीच्या हाताला प्लास्टर चढत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी मी स्वतः गॅरेजवर आणली. दाजींना विचारलं नाही. आधी वजनकाट्यावर नेली, एकदा नुसती डावी चाकं काट्यावर घेतली, एकदा नुसती उजवी. दोन्हीकडच्या वजनात एवढा फरक होता की काट्यावरच्या माणसाने मला आत एकाच बाजूला भात भरलाय का म्हणून विचारलं. मग टाकी उतरवली. चॅसीच्या खाली, दोन्ही चाकांच्या मधोमध, दोन लहान टाक्या बसवल्या आणि पाणी चढवायला छोटा पंप लावला. कडप्पा काढून प्लायवूड टाकलं. फ्रीज आणि त्याची बॅटरी उजव्या अंगाला नेली. माझेच वाढवलेले पाटे मी काढले, चारही शॉकअप नवे घातले, आणि वळणावर बॉडी कलू नये म्हणून मागच्या एक्सलला आडवा बार जोडला. चाकांतली हवा वजनाप्रमाणे भरली. चार दिवस लागले. मग त्याच वळणावर मी मुद्दाम जोरात वळवून पाहिली. गाडी बऱ्यापैकी सरळ राहिली.

दाजींनी एक चक्कर मारली आणि उतरल्या उतरल्या शेजारच्या ढाब्यावर सांगायला लागले, वजन खाली घ्यायचं आपल्या डोक्यात पहिल्यापासून होतं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बहीण सोबत आली होती. हात गळ्यात अडकवलेला. ती माझ्याजवळ स्टुलावर बसली आणि काय काय बदललं ते नीट विचारून घेतलं. मी सांगितलं. टाकी वर ठेवली की काय होतं, ओटा एका अंगाला आला की काय होतं, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, ह्ये तुला कवा कळलं?"

मी म्हणालो, पहिल्याच दिवशी.

"मी मागं उभी ऱ्हानार, ह्ये बी ठावं हुतं?"

मी म्हणालो, दाजींना कसं बोलायचं, आपल्यात रीत नाही.

"त्यांना नसतास बोल्ला," ती म्हणाली. "मला सांगायचं रं."

दाजींचा ढाब्यावरचा आवाज इथपर्यंत येत होता. ती उठली, डाव्या हाताने दार उघडून गाडीत चढली आणि मी आधार द्यायला पुढे केलेला हात तिने घेतला नाही. बहिणीला सांगायला कुठलीच रीत आड येत नव्हती. मला दाजींची फजिती बघायची होती, आणि ती बघायला मिळावी म्हणून मी तिला त्या गाडीत बसू दिलं.