पाठमोरी आई

चार रविवार मी अमरावतीत सिनेमाचं छायाचित्रण कसं पाहावं हे शिकलो आणि पाचव्या रविवारी लोकांच्या चुका काढायला सज्ज झालो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला नवं ज्ञान झालं की गावानं जरा जपूनच राहावं. घरी मी मालिकेचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसे. बायको ओरडे, "अवो, ते सासू काय बोलून राहिली ते तरी आयकू द्या!"

त्या रविवारी आमच्या वर्गात आपला लघुपट घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरातले एक चाचा आले. उभा जन्म लग्नांचे व्हिडिओ काढण्यात गेलेला. साठीत काढलेली ही पहिलीच फिल्म. सुरू होण्याआधी म्हणाले, "तुमी शिकलेले लोक. सांगा, जमलं का. जमलं तर दुसरी काढतो, नाही तर लग्नं हायेतच."

गोष्ट एवढीशी: नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरी लागलेली मुलगी घर सोडते. ती निघते तेव्हा कॅमेरा मागे, आत खोलीतच थांबतो. दारातली आई पाठमोरी दिसते, इतकंच.

दिवे लागताच मी उभा राहिलो. खाकरलो. "प्रसंगाचा जीव चेहऱ्यात असतो. इथं क्लोज-अप हवा होता. आई रडते की नाही तेच कळत नाही! कॅमेरा स्टँडवर लावून चाचा पंगतीला गेले की काय?"

वर्ग खदखदून हसला. चाचा चष्मा पुसत राहिले.

"भाऊ, पंगतीत मी सगळ्यात शेवटी बसतो," ते हळूच म्हणाले. "बिदाईच्या वक्ताले मी कुठं असतो सांगू? पोरीच्या मायच्या नाकासमोर, लाईट घेऊन. घरचेच म्हणतात, रडणं बराबर आलं पाहिजे. एकीनं पदरात तोंड लपवलं, तर मीच म्हटलं, जरा पदर बाजूले घ्या. बिचारीनं घेतला. म्हणून या मायले मी इकडं वळ म्हटलं नाही."

मी तो शॉट पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद करून.

आईच्या एका पायात चप्पल होती. दुसरा पाय उंबऱ्यावर, अनवाणी. लेकीसोबत फाट्यापर्यंत जायला निघाली होती आणि मध्येच थांबली होती. चेहऱ्याजवळ गेलो असतो तर तो पाय दिसलाच नसता.

"चाचा, मी गाढव आहे," मी भर वर्गात म्हणालो. "मी चेहरा शोधत बसलो आणि समोरचं चित्र पाहिलंच नाही. कॅमेरा जिथं आहे तिथंच हवा."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच मिश्कील हसले. "मंग खरी गलती तुमाले काहून दिसली नाही? पुढच्या शॉटमंदी भिंतीवर माझी सावली पडली, अख्खी, टोपीसकट!"

पुन्हा लावलं. होती. सगळ्या वर्गाची मान खाली.

"दुसऱ्या फिल्मच्या वक्ताले तुमी माझ्या बाजूले उभे राहा," चाचा मला म्हणाले. "काम एकच. भिंत पाहाची. अन् शूटिंग होईस्तोवर तोंड उघडाचं नाही."

हे दुसरं काम मला जमेल का, याबद्दल बायकोला दाट शंका आहे.