कशानं आलात?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. म्हणजे सोलत मी होतो. ही सडकेकडं बघत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघायची तिला सवयच नव्हती. ती पाय बघायची.

"तो बघा. रेल्वेनं आलाय. रात्रभर बाकावर बसून. कंबर अजून बाकावरच आहे त्याची."

"तुला सांगून गेला काय?"

"चालतोय कसा ते बघा ना. पण तुम्हाला चार पाय असल्याशिवाय काही कळत नाही."

हा टोमणा मला, कारण मी संस्थानच्या पागेत मोतद्दार होतो. जन्म घोड्यांना खरारा करण्यात गेला. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, पागा मोडली. घोडे कुठं गेले ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. मी सियागंजाजवळच्या एका धर्मशाळेत चौकीदार झालो आणि ही तिथं उतरणाऱ्या बायकांना मालिश करायला लागली. पुढं तिथल्या मुनीमजींनी तिला काढली. मला ठेवला. आणि त्या संध्याकाळी त्याच मुनीमजींचा निरोप घेऊन मी घरी आलो होतो, की उद्या सकाळपासून बाईंनी परत कामावर यावं.

निरोप तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली, "उत्तर मी देईन. सकाळी स्वतः येऊन, तोंडावर. तुम्ही मधे बोलायचं नाही."

आणि माझ्या पुढ्यातली थाळी ओढून घेतली. "सालं तशीच ठेवलीत सगळी. असा सोलतात लसूण?"

तिचं नाव सांगत नाही. आमच्यात नवरा-बायको नाव घेत नसत. तिनंही माझं लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आणि नावानं तिला ओळखणारं होतंच कोण? धर्मशाळेत ती 'मालिशवाली बाई'. अशा बाया तुम्हीही बघितल्या असतील. बघितल्या असतील आणि विसरला असाल.

तिची आई बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची. हात आईचा घेतला, पण हिचं मन प्रवाशांत. स्वतः कधी देवासच्या पलीकडं गेली नाही, पण कुणी धर्मशाळेत आलं की हिचा पहिला सवाल ठरलेला. "कशानं आलात?" नाव नाही, गाव नाही, जात नाही. कशानं आलात. ते कळेपर्यंत तेलाच्या बाटलीचं बूच निघायचं नाही.

बैलगाडीतून आलेलीला ती लगेच हात लावत नसे. बसवून ठेवायची. म्हणायची, हाडं अजून गाडीतच हलतायत, ती आधी थांबू द्या. रेल्वेवालीचं पहिलं काम कंबर आणि पोटऱ्या, तेही कोरड्या हातानं, तेल मागून. मोटारबसनं ओकाऱ्या काढत आलेलीच्या पोटाला, डोक्याला हातच नाही. नुसते तळपाय, काशाच्या वाटीनं, सावकाश, वाटी काळी पडेपर्यंत. ओंकारेश्वरहून पायी आलेल्या बायका सगळ्यात जास्त भांडायच्या. त्यांना पायच दाबून हवे असायचे आणि ही पाय सोडून खांदे चोळायची.

"अहो बाई, दुखतात पाय आणि तुम्ही खांदे काय धरून बसलात?"

"फोडांवर तेल लावून देऊ? लावते. मग उद्या मला शिव्या देत बसा."

एकदा ग्वाल्हेरचे एक बाबू आले. तेव्हा मध्यभारताची राजधानी अर्धं वर्ष तिकडं, अर्धं वर्ष इथं. फायली आणि बाबू वरचेवर इकडून तिकडं जायचे. त्यांच्या बायकोनं सांगितलं, जोरात रगडा, अंग मोडून आलंय. हिनं विचारलं, कशानं आलात. रेल्वेनं. रात्री झोपलात? नाही, मांडीवर पोर होतं. मग हिनं थोडं कपाळ चोळलं, अंगावर चादर घातली आणि दार ओढून बाहेर आली. "हिला मालिश नको, झोप पाहिजे." झोप लागली ती अशी, की त्यांची पुढची गाडी गेली. बाबू फाटकावर येऊन मला बोलले. चौकीदार म्हणजे कुणीही बोलावं असाच माणूस. मी हिला येऊन सांगितलं, तर म्हणते, "गाडी रोज आहे. झोप आहे का तिला रोज?"

कधी न विचारताच सांगायची, तेव्हा चुकायचीही. एका बाईला हात लावून म्हणाली, बैलगाडीनं आलात. ती बाई निघाली कुठल्या जहागीरदाराकडची, स्वतःच्या मोटारीतून आलेली. चिडली. मी घरी आल्यावर हसलो, तर ही म्हणाली, "मोटार असेल हो, रस्ता बैलगाडीचाच होता ना?" चूक कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं. माझ्यावर तर ती आयुष्यभर चिडलेली होती, की मी घरातलं काहीही घोड्याला चोळल्यासारखं चोळतो. भांडी, कपडे, तिची पाठ. एकदाच तिची पाठ दुखली म्हणून तेल लावायला बसलो, तर मिनिटभरात उठून बसली. "राहू द्या. लगाम घालाल आता."

मग पाटी आली.

विश्वस्तांपैकी कुणीतरी मुंबईला जाऊन आला. तिथं पाटीवर लिहिलेलं असतं म्हणे, कुठली मालिश पाहिजे ते, गिऱ्हाईक आपलं आपण निवडतं. लगेच आमच्याकडं पण लागली. साधी, खास आणि पहलवानी. मुनीमजींकडं जाऊन सांगायचं, ते चिठ्ठी देणार, चिठ्ठी घेऊन बाईकडं जायचं. हिला वाचता येत नव्हतं. मला मराठी दुसरीपुरतं येत होतं, म्हणून मी पाटी वाचून दाखवली.

"पहलवानी? बायकांना?" ती म्हणाली. "कुस्ती धरायची आहे काय दुपारी?"

"तुला काय करायचंय. चिठ्ठी येईल तसं कर."

"अन् कशानं आले ते कुठं लिहिलंय चिठ्ठीवर?"

नव्हतंच लिहिलेलं. मग ती चिठ्ठी घ्यायची, बाटलीखाली दाबून ठेवायची आणि आपला सवाल विचारून आपल्या मनाचं करायची. बऱ्याच बायकांना फरक कळायचा नाही. पहलवानी मागितलेली आणि नुसते तळपाय चोळून घेतलेली बाई मुनीमजींना सांगून जायची, बाई अच्छी है. असं वर्षभर चाललं असेल.

नंतर रतलामकडच्या एक शेठाणी आल्या. मोठं कुटुंब, बरोबर नोकर-चाकर, विश्वस्तांशी ओळख. चिठ्ठी पहलवानीची. रेल्वेनं आल्या होत्या, लांबून, बसूनच. हिनं दोन्ही पोटऱ्यांना हात लावला आणि उजवीवरून हात काढून घेतला. ती सुजलेली होती आणि एकटीच गरम होती, असं मला मागून म्हणाली.

"या पायाला मी हात लावणार नाही. डॉक्टरला दाखवा."

शेठाणी उठून बसल्या. "मालिशवाली होके हमको डॉक्टरी सिखाती है? जहाँ दुखे है वहीं तो दबाना है!"

मुनीमजींना बोलावणं गेलं. मी फाटकावरून आलो. मुनीमजी दाराबाहेर उभे राहून गोड आवाजात म्हणाले, "बाई, पाँव दबाने का क्या है? दबा दो ना. अपने यहाँ के मेहमान हैं."

"दुसरा दाबते. हा नाही."

"बोर्ड पे लिखा है वो तो करना पडेगा."

"बोर्डाला पाय आहेत काय?"

माझ्याकडं बघून मुनीमजी म्हणाले, "समझाओ भिया अपनी घरवाली को." मी काय समजावणार? हिनं वाटी पुसली, बाटलीला बूच लावलं आणि माझ्यासमोरून फाटकाबाहेर गेली. त्या दिवसापासून त्या फाटकातून ती परत आत आली नाही.

दुपारी मुनीमजींनी हिला काढली म्हणून सांगितलं आणि दुसरी बाई आणली. तिनं तो पाय घसाघसा चोळला. आणि आता खरं तेच लिहितो, शेठाणीला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं चालत टांग्यात बसल्या, मीच सामान चढवलं. पुढं कुठं काही झालं असेल तर मला माहीत नाही. नसेलच झालं. धर्मशाळेतले सगळे हसले. टांगेवाले तर मला कित्येक दिवस विचारायचे, "क्यों भिया, डॉक्टरनीबाई कैसी हैं?"

मी घरी येऊन सांगितलं, शेठाणी ठणठणीत गेली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं माझं. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "बरं झालं. काही झालं नाही तिला." थोड्या वेळानं म्हणाली, "परत आली तरी नाही लावणार."

"मी पण सोडू का चौकीदारी?"

"दोघांनी उपाशी बसायचंय काय? जा मुकाट."

मी गेलो. जात राहिलो. तिला ज्या दारातून काढली ते दार रोज सकाळी मी उघडायचो. कुणी मनानं मोठं व्हावं म्हणून असलं काही सोसत नाही, पोटासाठी सोसतात. लोक उगाच त्याला चांगलं नाव देतात.

तिनं छत्रीबागेतल्या घरांतून बाळं न्हाऊ-माखू घालायचं काम धरलं. आईचंच काम. पण मन लागेना. म्हणायची, "बाळाला काय विचारू? कशानं आलास? ते तर मला ठाऊक आहे." स्वतःच हसायची. संध्याकाळी ओट्यावर बसून सडकेवरचे पाय बघायची. दुसऱ्याचे पाय, दुसऱ्याचे प्रवास. मला त्याचा राग यायचा. कुणावर ते सांगता येत नाही.

तीन वर्षं अशी गेली. यात्रेचे दिवस जवळ आले. धर्मशाळा भरायला लागली आणि नवी बाई काम सोडून माहेरी निघून गेली. मुनीमजींनी मला गादीपाशी बोलावलं. बसा म्हणाले. आधी कधी म्हणाले नव्हते.

"बाई को बोलो, कल सुबह से आ जाए. पुरानी बात खतम. लेकिन बोर्ड वाली बात वैसी ही रहेगी."

तोच हा निरोप, लसूण सोलताना सांगितलेला. उत्तर मी देईन म्हणाली ते वर लिहिलंच आहे. पुढचं तिनं जेवताना सांगितलं.

"नाहीच म्हणणार आहे मी."

"मग मीच सांगतो की उद्या. तू कशाला चालत येतेस?"

"तुम्ही सांगितलंत तर त्यांना काय वाटेल? नवऱ्यानं येऊ दिली नाही. मग मी काय, मी गरीब गाय. नाही. माझं मी सांगणार. तीन वर्षं त्यांना वाटतंय की मला काढली. एकदा कळू दे, मीच आले नाही."

जेवून झाल्यावर तिनं उद्यासाठी लुगडं काढून खुंटीवर टाकलं. हिरवं, काठ थोडे उसवलेले. लग्नाकार्याला नेसायची ते. नाही म्हणायला जाताना कुणी चांगलं लुगडं नेसतं काय, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "तेव्हाच तर नेसतात."

पहाटे मी चहा ठेवला आणि हाक मारली. उठली नाही. हात लावला. घोडे मरताना मी बघितलेत, मला कुणी सांगायची गरज पडली नाही. अंथरुणात तशीच, कुशीवर, उजवा हात गालाखाली. कसली खूण नाही, त्रास नाही.

शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांनी हंबरडा फोडला, बायका जमल्या, कुणी तुळस आणायला गेलं, कुणी माझ्या पाठीवर हात ठेवून रडा म्हणालं. मी काकूंना म्हटलं, "हिच्यापाशी बसा. मी धर्मशाळेत जाऊन येतो."

काकू बघतच राहिल्या. गल्लीत अजून बोलतात, बायको घरात पडली होती आणि हा कामावर गेला. बोलू द्या.

मला एकच भीती होती. गावात बातमी वाऱ्यासारखी जाते. मुनीमजींना आधी तिचं जाणं कळलं असतं, तर ते म्हणाले असते, बिचारी आज ही आनेवाली थी. आणि मग ते कायमचं तसंच झालं असतं. मेली म्हणून आली नाही, नाहीतर आली असती.

मुनीमजी गादीवर बसून उदबत्ती लावत होते. मी समोर उभा राहिलो.

"ती येणार नाही."

"क्यों?"

"नाही म्हणाली."

"तुमने मना किया होगा."

"मी जा म्हणत होतो. ती नाही म्हणाली."

हे खोटं होतं. मी तिला जा म्हणालो नव्हतो. पण त्या वेळी जे बोलायला पाहिजे होतं ते मी बोललो.

"बोर्ड की वजह से?"

"हौ."

"तीन बरस में अकल नहीं आई?"

"नाही आली."

मुनीमजींनी हात झटकला. "ठीक है. नहीं आती तो मत आए. उसके भरोसे थोडी बैठे हैं." त्यांनी आतल्या नोकराला हाक मारली आणि दुसरी कुणी मालिशवाली बघून आण म्हणून सांगितलं. नोकरानं चपला घातल्या, पिशवी घेतली आणि निघाला. तो फाटकाबाहेर जाऊन वळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

मग म्हणालो, "मला आज सुट्टी पाहिजे."

"अब तुमको क्या हुआ?"

"मंडळी वारली. पहाटे."

मुनीमजी गादीवरून उठले. काहीतरी म्हणत होते, पहले क्यों नहीं बोले, असं काहीतरी. मी थांबलो नाही. सियागंजात दुकानं उघडत होती. बांबू घेतले, सुतळी घेतली, खांद्यावर टाकले आणि घरी आलो.