पहिली की दुसरी?

आमच्या पेंटरनं चाळीस वर्षं गावातल्या पाट्या रंगवल्या आणि त्यातली एकही धड लिहिली नाही. अक्षर असं, की बघत राहावं. शुद्धलेखन असं, की डोळे मिटून घ्यावेत. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळायचा. पेंटरच्या चुका मात्र मी फुकट काढायचो, दर शनिवारी संध्याकाळी, त्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पीत. एका मंगळवारी तो जेवण करून खुर्चीत लवंडला, तो उठलाच नाही. रविवारी दुकानात त्याच्या आठवणीसाठी चार माणसं जमणार होती. त्याच्या बायकोचा निरोप आला, "भाऊजी, तुम्हीच बोला. तुमच्याइतकं जुनं आता कोणी उरलं नाही."

बोलायला माझी ना नव्हती. पण त्याआधी वहिनींना एक गोष्ट कबूल करणं भाग होतं. त्या सगळ्या चुकांचं मूळ मी होतो.

चौथीत आम्ही एका बाकावर. त्याच्या वहीत शाईचे इतके डाग असत, की वर्गात त्याला 'ठिपक्या' म्हणत. शुद्धलेखनाच्या तासाला तो मला कोपरानं ढोसायचा आणि कुजबुजायचा, "पहिली की दुसरी?" प्रत्येक शब्दाला वेलांटी विचारायचा. एकदा मी वैतागलो. हुशार होतो आणि हुशार पोरं असतात तितका आगाऊही होतो. म्हटलं, "अरे, सोपं आहे. मोठ्या वस्तूला दुसरी, लहान वस्तूला पहिली."

'हत्ती'ला दुसरी. 'नदी'ला दुसरी. नियम फिट्ट बसला. मग त्यानं शंका काढली, "चिमणीत दोन्ही कशा?"

"अंग लहान, पण शेवटी शेपटी असते ना!"

त्याला ते पटलं. त्याच दिवशी त्यानं 'मुंगि' लिहिली, गुरुजींनी त्याचा कान पिळला आणि मी पुस्तकात तोंड खुपसून हसलो. वाटलं, दोन दिवसांत विसरेल. हा बाबा तो नियम घेऊन दुकान थाटून बसला.

एकाच गल्लीत त्यानं 'घड्याळ दुरुस्ति' आणि 'ट्रक दूरूस्ती' अशा दोन पाट्या लावल्या. का, तर घड्याळाचं काम बारीक. दातांचा डॉक्टर अंगानं दांडगा, म्हणून तो झाला 'दंतचीकीत्सक'. वकिलांच्या दारावर तर कहरच होता. वडिलांच्या नावापुढे 'वकील' आणि खाली नुकत्याच पास झालेल्या मुलाच्या नावापुढे 'वकिल'.

"अरे, एकाच दारावर दोन तऱ्हा?" मी टेबलावर हात आपटला होता.

"पोराचा जम बसू दे, दुसरी करून देईन," तो ब्रश पुसत म्हणाला. "तू कशाला रक्त आटवतोस, वेलांट्या?"

वेलांट्या म्हणजे मी. आठवडाभर त्याच्या चुका मी कागदावर टिपून ठेवायचो आणि शनिवारी त्याच्यापुढे वाचायचो. तो एकही मान्य करायचा नाही. मी तणतणत घरी जायचो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. लोक त्याला हसायचे. छापखान्यात मीही तिखटमीठ लावून त्याचे किस्से सांगायचो. नियम माझा होता, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. लहानपणी भीती वाटली, नंतर लाज, आणि पुढे तर सांगायची वेळच निघून गेली असं वाटलं.

तर त्या शनिवारी नेहमीच्या वेळी गेलो. दुकानात टर्पेंटाइनचा वास तसाच होता. बरणीत ब्रश उभे होते आणि त्याचा चष्मा पिवळ्या रंगाच्या डब्यावर पडला होता. वहिनींनी चहा पुढे केला. मी कप हातात न घेताच सगळं ओकून टाकलं. चौथीचा वर्ग, नियम, शेपटी, सगळं. शेवटी म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळे त्याचं जन्मभर हसं झालं. मला माफ करा."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. मग हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"भाऊजी, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नियम खोटा आहे ते. आमची मुलगी पाचवीत होती तेव्हा रडत घरी आली, बाबांच्या पाट्यांना वर्गात हसतात म्हणून. तिनंच त्यांना बसवून सगळं शिकवलं. महिनाभरात शिकले."

मुलगी सासरहून येताना त्यानं तिला लिहिलेली पत्रं घेऊन आली होती, ती त्यांनी आतून आणली. मी सवयीनं चूक शोधायला लागलो. चार पत्रं झाली, एक वेलांटी चुकलेली नाही.

"मग पाट्यांवर?" मी पत्रं खाली ठेवली.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, अगं, चुका संपल्या तर तो शनिवारी येईल कशाला? त्याला घरी भांडायला तरी कोण आहे?"

मी एकटा माणूस. ते खरंच होतं. मी तिथंच, त्याच्या स्टुलावर बसून रडलो. लाज वाटली नाही.

निघताना वहिनींनी कागदात गुंडाळलेली एक पाटी हातात दिली. त्याचं शेवटचं काम. माझ्या दारासाठी, मला न सांगता केलेलं. वर माझं नाव, एका रेषेत, निर्दोष. त्याखाली लहान अक्षरांत 'पेंटरचा मीत्र'. हात आपसूक खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. मेल्यावरही खोडी काढायचा राहिला नाही.

पाटी आता माझ्या दारावर आहे. परवा शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी बेल वाजवली. म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढे शुद्धलेखनाचे जाणकार, आणि तुमच्याच दारावर चूक? 'मित्र'ला पहिली हवी."

"सगळ्यांच्या मित्राला असेल," मी म्हणालो. "माझा मोठा होता. त्याला दुसरी."