पडद्यावरचा हात

बाळांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये विचारलं की टीव्हीचा पडदा कशाने पुसायचा, तुमच्या नव्या टीव्हीवर पांढरे पट्टे उठलेत. मी शिकवल्यासारखं सगळं सांगितलं. आधी प्लग काढायचा, पडदा गार होऊ द्यायचा. चष्मा पुसायचं असतं तसं मऊ, कोरडं फडकं घ्यायचं आणि न दाबता वरून खाली आणायचं. त्याने डाग गेला नाही तरच फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं. पडद्यावर थेट काही फवारायचं नाही, काचा पुसायचं औषध तर मुळीच नाही. वर्तमानपत्राचा कागदही जुन्या काचेच्या टीव्हीबरोबर गेला.

मोठी ऐकत होती. तेवढ्यात धाकटीने मधे तोंड घालून विचारलं, "मग आजी, तू मोठ्या टीव्हीवर का येत नाहीस? फोनमध्ये तुझं नाकच दिसतं."

मी म्हटलं, टीव्ही बिघडलाय. ते खोटं होतं. पंधरा महिने मी त्या पडद्याला फडकं लावलेलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले ते मनाला लागलं, म्हणून हे लिहिते आहे. आई वाचून दाखवेल.

भिलाईत धूळ रोजची. सेक्टरमधल्या कंपनीच्या क्वार्टरात राहत होतो तेव्हा दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत काळपट होत. स्मृती नगरला स्वतःच्या घरी आलो, तरी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की ते काळं होतंच. तुमच्या आजोबांचा सगळा जन्म स्टील प्लांटात गेला, त्यांना धूळ दिसतच नसे. मला मात्र तीच आधी दिसे. गुरुवारी पंखे, शनिवारी टीव्ही, असं माझं ठरलेलं होतं.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांना गोष्टी आठवेनाशा झाल्या. कोणता क्वार्टर, कोणती शिफ्ट, सगळं एकात एक मिसळायचं. रविवार तेवढा पक्का लक्षात असे, कारण त्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉलने टीव्हीवर येत होता. त्यांच्या हातांना थंडीत भेगा पडत, म्हणून तुमच्या फोनआधी मी खोबरेल तेल चोळून देत असे. तुम्ही दिसलात की ते सोफ्याला धरून उठत, पडद्यापाशी जात आणि धाकटीच्या गालावर तळहात ठेवत. एकदा माझ्याकडे वळून विचारलं, "पोरीचा गाल इतका थंडा कावून हाय? स्वेटर नाही घातलं का हिनं?"

तुम्ही सगळे हसलात. मी म्हटलं, "अहो, पडदा आहे तो. मागे या, डाग पडतात."

फोन संपला की टीव्ही बंद करून मी त्यांच्या हाताचा ठसा पुसून टाकत असे. दर रविवारी. ते दिवाणावर बसून बघत राहत. एका रविवारी शांतपणे म्हणाले, "तुले डाग दिसते. पोरगी नाही दिसत."

मी फडकं पिळलं.

त्यांच्या शेवटच्या रविवारी तुमचा फोन झाला आणि थोड्या वेळाने त्यांना धाप लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. त्या धावपळीत पडदा पुसायचा राहिला. नवव्या दिवशी ते गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन बंद टीव्हीवर तिरपं आलं. उजवीकडे खालच्या बाजूला तळहात होता. चार बोटं, अंगठा. अगदी पुसट. पुढे तेलावर धूळ बसत गेली आणि दर आठवड्याला हात जास्त स्पष्ट होत गेला.

हात बाहेरून ठेवलेला आहे हे मला कळत होतं. पण बंद पडदा काळा असतो आणि त्यात दिवाणावर बसलेली मी दिसते. त्या माझ्या शेजारी तो हात, आत कुणी उभं राहून काचेला टेकवावा तसा. सुरुवातीला मी सरकून बसत असे, म्हणजे तो माझ्या खांद्यावर येऊ नये. नंतर तो बरोबर खांद्यावर येईल अशी बसू लागले. मी त्याच्याशी कधी बोलले नाही. मात्र त्या खोलीतून पावलं न वाजवता जात असे, ते नाइट करून येऊन दिवसा झोपत तेव्हा जात असे तशी.

टीव्ही लावला की उजेडात हात दिसेनासा होई. म्हणून मी तो लावणंच सोडलं आणि तुम्हाला फोनवर, तिकिटाएवढं बघू लागले.

आपल्याकडे कामाला येणारी बाई भंडाऱ्याकडची आहे. ते गेल्यावर पहिल्याच महिन्यात ती ओलं फडकं घेऊन टीव्हीकडे निघाली, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. तिने पडद्याकडे पाहिलं, फडक्याची घडी केली, आणि तेव्हापासून ती टीव्हीखालचं टेबल तेवढा पुसत आली.

तुमच्या फोननंतरच्या सोमवारी ती झाडू हातात धरून उभी राहिली. "काकू, राग नका मानू. तुमी काकाजीचा हात वाचवून राहिल्या, पण धूळ त्याले गिळून राहिली."

मी जवळ जाऊन पाहिलं. रोज बघत होते म्हणूनच लक्षात आलं नव्हतं. आधी धूळ तेलावरच बसली होती, आता सगळीकडे सारखी झाली होती. अंगठा उरला नव्हता. दोन बोटांचं एकच झालं होतं.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मले काय पुसता? टीव्ही कसा पुसाचा, हे तुमीच तर सांगता सगळ्याइले."

मंगळवारी चार वाजता, ऊन आल्यावर, मी प्लग काढला. इतके महिने बंद असलेला टीव्ही, तरी गार व्हायला दहा मिनिटं थांबले. सवयीने पाण्याची वाटीही शेजारी आणून ठेवली होती. आधी डावी बाजू पुसली. उजवीकडे आल्यावर फडक्याचं स्वतःचं वजन पडेल तेवढंच पडू दिलं. फडकं काळं झालं.

समोरून पाहिलं तर पडदा कोरा होता. मी जमिनीवर बसले. पुसायचं ते मीच पुसून टाकलं, पुन्हा एकदा, असं वाटलं. मग भिंतीला हात लावून उठताना मान खिडकीकडे कलली, आणि तिरप्या उन्हात पडद्यावरचं तेल चमकलं.

ओल्या फडक्याने ते निघालं असतं. मी वाटीतलं पाणी मोरीत ओतलं आणि टीव्ही लावला. इतक्या दिवसांनी चालू झाल्यामुळे तो बराच वेळ काहीतरी डाउनलोड करत बसला.

या रविवारी मी मोठ्या पडद्यावर येईन. धाकटे, तू मला पडद्याच्या उजवीकडे दिसशील अशी बस.

पडद्यावर आता धूळ नाही. खालून वीतभर उंचीवर तेलाची तीन बोटं, अर्धी करंगळी आणि तळव्याची एक कड शिल्लक आहे.