कूलरवाल्यांची बोट

बोट आमच्याकडे आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उलटी घालून. रिसोडला आमचं फायबरच्या कूलरचं दुकान. साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वरून रेझिन फासायचं, कडक झालं की सोडवायचं, घासायचं, रंगवायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच करत आले. बोट मात्र आम्ही दोघांनीही कधी हात लावून पाहिलेली नव्हती.

माझ्या माहेराजवळच्या धरणावर एका ठेकेदाराने बोटिंग सुरू केलं होतं. पुढे उन्हाळ्यात पाणी फार खाली जायला लागलं, माणसं यायची थांबली, ठेका संपला. त्याची स्पीडबोट काठावरच्या बाभळींत पडून होती. इंजिन त्याने आधीच काढून विकलेलं. पुढची काच नव्हती, सीटमध्ये उंदरांनी संसार केलेला आणि बुडाला हात आत जाईल एवढं भोक. नवऱ्याने दोन नवे कूलर देऊन ती घेतली. कायले, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "एक डाव पाण्यावर बसून पाहू."

त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही अकोल्याला डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. फायबर घासलं की जी भुकटी उडते ती त्याने जन्मभर तोंडाला नुसता दुपट्टा बांधून गिळली होती. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता भुकटी बंद. नवऱ्याने मान हलवली. इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस नव्हता तो. घरी आल्यावर त्याची अट कळली. बोट दुरुस्त करायची, धरणात सोडायची, तिच्यात एकदा बसायचं आणि मग दुकान बंद. मी माझी अट घातली. ग्राइंडरला त्याने हात लावायचा नाही. घासणार मी, तो लांब खुर्ची टाकून सांगणार.

हिवाळाभर असंच चाललं. एक रंग घासला की खाली दुसरा निघायचा, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा निळा. अंगाला काचेची खाज सुटायची. ती कूलर करतानाही सुटते, पण कूलरला आतून-बाहेरून असं लोळून घासावं लागत नाही. तो खुर्चीवरून ओरडून सांगायचा, सांगता सांगता खोकला यायचा, मग उठून जवळ यायचा. तो जवळ आला की मी ग्राइंडर बंद करायची. तो परत जाईपर्यंत चालू करायची नाही. यावरून आमची बोलाचाली व्हायची, पण मी काही ऐकलं नाही.

भोक आम्ही कूलरची टाकी बुजवतो तसं आतून बुजवलं. बोटीत पाय ठेवायला फरशी होती आणि तिच्या खाली दोन्ही बाजूंना काहीतरी बंद होतं. त्याने बोटाने वाजवून पाहिलं, मजबुतीचे डबे असतील म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो. कूलरला दुहेरी बूड नसतं. ते उघडून पाहावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे टाकी पास करायची एक रीत आहे. टाकी लोखंडी स्टँडवर ठेवायची, खाली पेपर पसरायचे, काठोकाठ पाणी भरायचं आणि सकाळी पेपर बघायचे. पेपर कोरडे तर टाकी पास. बोटही आम्ही कूलरच्याच चार स्टँडवर चढवली, खाली पेपर पसरले आणि बोअरचा पाइप आत सोडला. दुपारभर पाणी चाललं होतं. शेजारची माळीण बाजारातून उरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन येत होती. ती थांबली, बघत राहिली, मग म्हणाली, "काय वं, बोट पाण्यात सोडतेत का पाणी बोटीत?" आम्ही दोघंही हसलो. नवऱ्याने तिला तपासणी म्हणजे काय ते समजावूनही सांगितलं.

सकाळी बुजवलेल्या भोकाखालचे पेपर कोरडे होते. पण दोन स्टँडवर बूड खचलं होतं आणि त्यांच्या मधोमध लांब चीर गेली होती. पाणी काढून टाकलं, तरी बोट हलकी होईना. आणताना चौघांनी उचलली होती, आता आठ जण लागूनही उचलेना.

ठेकेदाराला फोन केला. तो आला, आत वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फरशीखाली दोन्ही बाजूंना फोम भरलेला असतो, बोट बुडू नये म्हणून. सीटच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी तिथे उतरलं होतं आणि फोम ते धरून बसला होता. "वहिनी, बोटीले पाणी बाहेरून लागते," तो म्हणाला. "आतून भराले ते काय माठ हाय? आता फरशी कापा लागन, फोम काढा लागन, मंग वाळवा." नवरा जमिनीकडे पाहत उभा होता.

तो गेल्यावर मी सांगून टाकलं की फरशी कापायची नाही. आतापर्यंतच्या सगळ्या कामात उडाली नसेल एवढी भुकटी त्यात उडाली असती. नवरा म्हणाला, आता इथवर आणलं तर सोडायचं कशाला? मी म्हणाले, "बोट काय दवाखान्यात तुमचा डबा घेऊन येणार हाय?" तो खुर्ची उचलून आत गेला. मला वाटलं, पटलं.

त्या आठवड्यात मी जीपमध्ये कूलर घालून मंगरूळपीरला पोचवायला गेले. येताना जीप भेटली नाही, एसटीने आले. दुकानात पाय ठेवला तर सगळीकडे पिठासारखी पांढरी भुकटी बसलेली. नवरा बोटीला टेकून खाली बसला होता, भुवयासुद्धा पांढऱ्या. ओठ निळे पडलेले. त्याच्या मागे उजव्या बाजूची फरशी सरळ रेषेत कापलेली होती आणि ओल्या फोमचा ढीग नीट एका कोपऱ्यात लोटलेला होता. ग्राइंडरची वायरही गुंडाळून ठेवली होती. मी रागावले नाही. शेजाऱ्याची गाडी मागवली आणि अकोल्याला नेलं.

तिथून तो ऑक्सिजनचं मशीन घेऊनच घरी आला. दुकानामागच्या खोलीत त्याची खाट, उशाशी मशीन, नाकात नळी. लाइट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर किती टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून बाजूला सिलिंडर. खोली आणि दुकान यांच्यामध्ये नुसता पडदा. रोज विचारायचा, "बोट कुठवर आली?" मी म्हणायची, होऊन राह्यली.

होतही होती. उजवी बाजू उन्हात वाळू दिली. चीर या वेळी बाहेरून बुजवली. फरशीवर दुहेरी मॅट घालून सगळं बंद केलं आणि रंग दिला. डावी बाजू उघडली नाही. पडद्यापलीकडे तो श्वास घेत होता आणि अलीकडे मी फरशी कापणार, हे व्हायचं नव्हतं. जे पाणी आत होतं ते आत राहिलं.

पाऊस सरला, धरण भरलं. बोट न्यायच्या दिवशी तो पहाटेच उठून बसला होता. धुतलेला शर्ट घातला, भांग पाडला. मी अडवलं नाही. म्हटलं, त्यालाच कळू दे. नळी काढून तो उठला, पडद्यापर्यंत आला, दुकानाच्या दारापर्यंत आला. बाहेर ट्रॅक्टर चालू होता. तो चौकट धरून उभा राहिला. उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. बोलायला हवा पुरत नव्हती. मग म्हणाला, "जा तू." मी त्याला खाटेवर नेऊन बसवलं, नळी लावली, शेजारणीला बसायला सांगितलं आणि ट्रॉलीवर चढले.

धरणावर माझ्या भावाने माणसं जमवली होती. बोट पाण्यात ढकलली, दोर बाभळीला बांधला. ती तरंगली. भावाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बोटीकडे धरला. फोनच्या पडद्यावर आधी नवऱ्याचं कपाळच दिसत होतं, मग शेजारणीने फोन सरळ केला.

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. "डावीकडं झुकून राह्यली," तो म्हणाला.

"लाट हाय भाऊजी," भाऊ म्हणाला.

"लाट नाई ते." तो थांबला. फोनमधून मशीनचा आवाज येत होता. "तू डावी बाजू उघडली नाई."

"नाई," मी म्हणाले.

पुढे काय बोलेल याची मी वाट पाहत होते. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"उजवीकडं जाऊन बस," तो म्हणाला.

मला पोहता येत नाही, आणि पाण्यावर बसायची हौसही कधी नव्हती. लुगडं वर खोचलं, भावाचा हात धरला आणि आत चढले. उजव्या काठाशी बसले तशी बोट सरळ झाली. रंग बरा दिसत होता. तो पाहत राहिला. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून फोनकडेच बघत बसले. भावाचा हात भरून आला, त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला, तरी तो पाहतच होता.

मग म्हणाला, "बस. ये आता," आणि फोन बंद झाला.

मी उतरले तशी बोट पुन्हा डावीकडे कलली. भावाने फोन खिशात टाकला होता, बरं झालं.