‘रा’ म्हणजे राहा

मी अमडापूरचा. चौथी शिकलो आणि फौजेत गेलो. सिग्नलमध्ये लाईनमन होतो. टेलिफोनची तार टाकायची, तुटली की जोडायची, एवढंच काम. जोडीदार नरसय्या, वरंगलकडचा. आम्ही हिंदीत बोलायचो. त्याची हिंदी माझ्याहून वाईट.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा एका सुटीत तो माझ्यासंगं गावी आला. चार दिवस राहिला. निघायच्या दिवशी खामगावची एसटी सकाळी सातला होती. त्यानं ओसरीत बूट घातले. माझी बायको कौसल्या चुलीपासून म्हणाली, “रा ना भाऊ, अजून दोन दिवस.”

आमच्याकडं ‘राहा’तला ह कोणी म्हणत नाही. नरसय्यानं बूट काढले आणि सरळ चुलीजवळ जाऊन बसला.

“काऊन हो भाऊ, काय झालं?”

“भाभी, आपने बोला, रा. तेलुगू में रा मतलब आओ.”

कौसल्या तोंडाला पदर लावून हसली. “आमच्यात रा म्हंजे जाऊ नका.”

“आओ भी रा, रुको भी रा? फिर आदमी क्या करे?”

“भाकर खा,” ती म्हणाली.

एसटी चुकली. आम्ही दोघं दुपारच्या गाडीनं गेलो.

पुढं पाकिस्तानशी लढाई लागली. एका सकाळी सहा चाळीसला पुढच्या चौकीची लाईन बंद पडली. हवालदार म्हणाले, “लाईन डेड है. तुम दोनों जाओ.”

“जी साब.”

तार हातात धरून निघालो. वाटेत कोरडा नाला होता. नरसय्याला तिथं बसवलं. तीसेक पावलांवर तार तुटली होती. मी जोडली, फोन लावला.

“हॅलो. लाईन ओके.”

“ओके. वापस आओ.”

तेवढ्यात तोफा सुरू झाल्या. मी आडवा पडलो. नरसय्यानं नाल्यातून डोकं वर काढलं. हिंदीत ‘रुको’ म्हणायला पाहिजे होतं. तोंडात घरचाच शब्द आला. मी हात हलवून ओरडलो, “रा! रा!”

तो आला. वाकून, पळत. वाटेतच त्याच्यावर गोळा पडला. सहा पंचावन्न झाले होते. त्याच्या हातात जखमेची पट्टी होती, फाडून तयार. मला लागलं असं त्याला वाटलं.

हवालदारांनी विचारलं, “वो बाहर क्यों निकला?”

“मालूम नहीं, साब.”

मालूम होतं. चुलीजवळ मीही हसलो होतो.

खरं फक्त कौसल्येला सांगितलं. त्या दिवसापासून ती पाहुण्यांना, लेकरांना, सगळ्यांना ‘थांबा’ म्हणायला लागली. तो शब्द आमच्या घरातून गेला.

यंदा तिला खामगावला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा आणायला उठलो. तिनं बाही धरली.

“रा,” म्हणाली.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी विचारलं, “थांबू, का संगं येऊ?” तिनं डोळे मिटले होते. मी बसून राहिलो. चारला ती गेली.

तेराव्याला मी दोन पानं वाढायला लावली. सून म्हणाली, “मामंजी, दुसरं कोणाचं?”

“भावाचं,” म्हणालो.

हात जोडले. कौसल्येला ‘ये’ म्हणालो. नरसय्याला ‘रा’.